संगणक का तापतो

सोमवार, ८ डिसेंबर

आमचा संगणक बंद पडला आहे. अमरोलीच्या दुकानातून भाविनभाई आला, त्याने मागचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि बातमीला दुजोरा दिला. "बेन, आ तो गयुं." मग माझा चेहरा बघून हिंदीत आला, "मतलब, पूरा नहीं गया."

पूर्ण गेला नाही म्हणजे पंखा गेला आणि मेमरीची एक पट्टी गेली. पंखा स्वस्त आहे. पट्टी मात्र दिवाळीपूर्वी होती त्याच्या दुपटीहून महाग झाली आहे. का, असं विचारलं तर त्याने छताकडे बोट दाखवलं आणि "ए.आय." म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या बिऱ्हाडाबद्दल तक्रार करावी तसं. जगातल्या बड्या कंपन्या त्यासाठी सगळी मेमरी उचलतात, म्हणून सुरतच्या कोसाडमधल्या माझ्यासारख्या बाईने यापुढे तूरडाळीबरोबर मेमरीच्या भावावरही नजर ठेवायची. मी एका मराठी साप्ताहिकात 'घरखर्च' नावाचं सदर लिहिते. कांदा, गॅस, रिक्षा, शाळेची फी, सगळ्यांवर लिहून झालं होतं. मेमरी तेवढी राहिली होती.

आतून रुवं निघालं. त्यात नवल नाही. सुरतच्या हवेतच धागा आहे. "यहाँ हर कॉम्प्युटर में गोदडी निकलती है," असं भाविनभाई म्हणाला. पण रुव्याबरोबर बारीक पिवळे कणही निघाले, मागच्या जाळीला चिकटलेले. त्याने एक नखाने खरवडला, हुंगला आणि "दाळ जेवुं कंईक छे," म्हणाला.

डाळ कुठली? सेव. चेतन तिथे बसून सेव खातो, दुसरं काय.

चेतन आमचा मुलगा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच संगणकावर साड्यांची डिझाइनं करायला शिकतो. मी त्याला भाविनभाईसमोरच विचारलं.

"मम्मी, मी तिथं काही खात नाही."

"मग हे पिवळं काय आहे? हळदीकुंकू?"

त्याने आजीकडे बघितलं. आजीसमोर बोलणी खायची त्याला लाज वाटते. वाटू दे.

बुधवार, १० डिसेंबर

दुरुस्ती झाली. पट्टी जुनी, वापरलेली टाकली. नवीन घेण्यापेक्षा सोनं घेतलेलं बरं, असं खुद्द भाविनभाईच म्हणाला, आणि तो विकणारा आहे. पंखा मात्र त्याने मोठा बसवला.

सासूबाई त्याचं काम संपेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रमिलाबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. सासरे सुपडू लूमवर कामाला आले तेव्हा त्यांच्यासोबत सुरतला आल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी गुजरातीला घरात येऊ आणि अहिराणीला घराबाहेर जाऊ दिलेलं नाही. संगणकात त्यांनी इतका रस पहिल्यांदाच घेतला. भाविनभाईला म्हणाल्या, "आते गरम व्हई का पहिलासारखं?"

त्याला कळलं नाही. मी सांगितलं, आता पूर्वीसारखा गरम होईल का, विचारताहेत.

"अरे बा, टेन्शन ही मत लो! एकदम ठंडा रहेगा. हाथ लगाके देखना, बर्फ!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. खर्चाची धास्ती घेतली असणार. मी त्यांना म्हटलं, "आई, काळजी करू नका, जुनीच पट्टी टाकलीय." त्यांनी मान हलवली आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

गुरुवार, ११ डिसेंबर

सदर वेळेत गेलं. आमचे संपादक रघुनाथराव गुरुवारी दुपारनंतर मजकूर घेत नाहीत, मग तो स्वर्गातून आलेला असो.

या वेळी लिहिलं आमच्या सोसायटीच्या सोलरवर. दिवाळीनंतर गच्चीभर पॅनल बसवली, आणि लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरलं. त्यावरून झालेल्या सभेत बायकांनी गोंधळ घातला होता, कारण चेअरमन नटुभाईंनी पॅनल खराब होतील म्हणून गच्चीला कुलूप घातलं. मी एकटी नटुभाईंच्या बाजूने बोलले. सदरातही तसंच लिहिलं आहे: 'गच्चीवर पापड राखत बसण्यापेक्षा सूर्याला पगारी नोकरी लागली हे उत्तम.' रघुनाथरावांना ते वाक्य आवडलं. नटुभाईंना तर इतकं आवडलं की त्यांनी गुजरातीत करून मागितलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

त्या सभेनंतर सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. का, ते मी विचारलं नाही. डोक्यावर एवढी वीज म्हणून भीती बसली असावी.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज डोकं फिरलं.

मंगळवारी पानं लावायला मी उधन्याला साप्ताहिकाच्या कचेरीत जाते आणि पाचनंतर परतते. आज छपाईचा कागद आलाच नाही म्हणून लवकर आले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. चेतन गॅलरीत फोनवर, सासूबाई आत. आणि संगणक चालू! नुसता चालू नाही, पंखा असा ओरडत होता की मला वाटलं मिक्सर लावलाय. पडद्यावर एक केसाळ कडं गरागरा फिरत होतं. मेदूवड्याला लोकर फुटावी तसं. कुणी खेळत नाही, कुणी बघत नाही, आणि ते आपलं फिरतंय.

"हा कसला खेळ?"

"खेळ नाही मम्मी. मशीन टेस्ट करतोय. किती लोड घेते ते."

"भाविनभाईने टेस्ट करून दिलंय ना?"

"तरी पण."

"किती वेळ चाललंय हे?"

"थोडा वेळ."

बाजूने हात लावला. बर्फ म्हणे! तवा झाला होता. आणि मागच्या भिंतीपाशी मुंग्यांची रांग. परत सेव. मी म्हटलं, "तुझ्या या थोड्या वेळाचं बिल तुझा तो केसाळ वडा भरणार आहे का?" त्यावर हसला. मला त्याचं हसणंच जास्त लागतं. आतून सासूबाई ओरडल्या, "त्याले कसाले बोलस, माय?" या घरात चेतनचं वकीलपत्र कायम आजीकडे.

मी हातपाय धुवायला वळले तशा सासूबाई लगबगीने हॉलमध्ये गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन परत आत गेल्या. चेतनला खाऊ दिला असणार. अशाने पोर सुधारेल?

रविवार, २१ डिसेंबर

जेवायला मुगवड्यांची भाजी आणि कळण्याची भाकरी. योगराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सचिन भागातल्या कापडाच्या मिलमध्ये सहा दिवस रंगाच्या वाफेत उभं राहून रविवारी काही चव लागली तर लागते. आज दोनदा वाढून घेतलं. "या वर्षी वड्या काय कडक वाळल्यात गं. गेल्या वर्षी जरा ओल राहिली होती."

"आईंना विचारा. ते खातं त्यांचं आहे."

सासूबाई ताटात बघत म्हणाल्या, "वाळन्यात बा." चेतनला ठसका लागला.

मला पुढच्या सदराचा विषय मिळाला. बाजारात तयार वड्यांची पाकिटं काय भावाने विकतात ते उद्या बघून येते. घरी केल्या तर खर्च फक्त डाळीचा.

गुरुवार, २५ डिसेंबर

सदर गेलं. मथळा रघुनाथरावांनी दिला: 'ऊन फुकट आहे'. लिहिलंय की वाळवण हा घरखर्चातला असा एकच पदार्थ आहे ज्याला इंधन लागत नाही, आणि तरी नव्या पिढीला पाकिटं हवीत.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "हाई छापाले दिनं का?"

"हो, गेलं."

"बरं," म्हणाल्या. आणि जरा थांबून, "दही चांगलं लागनं का आज?"

दही उत्तमच लागलं होतं. या थंडीत शेजारणींची दही लागत नाहीत म्हणून ओरड आहे आणि आमच्याकडे कवडी पडतं. मी तसं सांगितलं. पण माझ्या लेखाबद्दल अवाक्षर नाही.

सोमवार, २९ डिसेंबर

दोन महिन्यांचं विजेचं बिल आलं. आकडा इथे लिहीत नाही, पुन्हा वाचायची इच्छा नाही. एवढंच लिहिते की उन्हाळ्यात पंखे, कूलर चालू असताना जितकं येतं त्याहून जास्त डिसेंबरात आलं आहे. फ्रिज तोच, दिवे तेच, माणसं तीच.

चेतन कॉलेजातून आल्यावर बिल त्याच्यापुढे ठेवलं. गेले कित्येक दिवस मी बघते आहे, दुपारी बाहेरून यावं तर संगणक गरम. खुर्ची मात्र गार. म्हणजे मी येण्याच्या जरा आधी साहेब उठून जातात, आईला कळू नये म्हणून. एवढी हुशारी अभ्यासात असती तर!

"तुझं काम किती असतं दिवसाला?"

"दोन-तीन तास."

"आणि बाकीचा वेळ?"

त्याने बिलाची घडी घातली.

"चेतन, मी विचारते, बाकीचा वेळ हे यंत्र कुणासाठी चालतं?"

"मम्मी, बिलाचं माझ्या नावावर टाक. चालशे."

चालशे! यांच्या पिढीला सगळंच चालतं. मग मीही निकाल दिला. हे डिझाइन-बिझाइन पुरे. योगराजच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला, एक जागा आहे. उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी संपली की कामावर जायचं, कॉलेज बाहेरून करायचं. घरात दोन माणसं कमावती झाली तर यंत्र चालो नाहीतर जळो.

तो पांढरा पडला. म्हणाला, रिंग रोडवरच्या एका डिझाइन स्टुडिओने त्याला नमुन्याचं काम दिलं आहे; सोळा जानेवारीला दाखवायचं. पसंत पडलं तर घरून कायमचं काम. हे मला आजच कळलं. "आधी का नाही बोललास?" "झालं तर सांगणार होतो." छान. फोल्डिंगची बस त्याच सोळा तारखेला सकाळी सातला नाक्यावरून सुटते. एक काहीतरी निवड म्हटलं तर निवडण्यासारखं त्याच्या हातात काही नाही, कारण संगणक माझा आहे.

योगराज म्हणाला, "तू म्हणतेस तर फोल्डिंगच्या मास्तरला बोलतो. पण पोरगं मिलमध्ये..." आणि वाक्य सोडून दिलं. तो नेहमी वाक्यं सोडून देतो.

भांडी आवरताना सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "सुषमा, तुले एक सांगनं शे."

"आई, चेतनची बाजू घ्यायला आला असाल तर आज नको. उद्या बोलू."

त्यांनी ओट्यावरचं एक पातेलं पुसून ठेवलं. मग गेल्या.

शुक्रवार, २ जानेवारी

संगणकाला पासवर्ड घातला. फक्त मलाच माहीत. मी घरात असेन तेव्हाच उघडेल. काल बाहेरून आले, मागे हात लावला: गार! परवा: गार! मला इतका आनंद झाला की योगराजला मिलमध्ये फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं. आणि चेतन?"

चेतन वराछाला मित्राच्या घरी जातो. मित्राची बहीण त्या मशीनवर ऑनलाइन शिकवण्या घेते, ती उठली की याला बसायला मिळतं. आज परत आला तो म्हणाला, "तीन तासांत एक किनार झाली." शिस्त लावताना बघणाऱ्यालाही त्रास होतो, पण तो सोसायचा असतो.

मंगळवार, ६ जानेवारी

घरात काहीतरी बिनसलंय. दही लागत नाही. मटकीला मोड येत नाहीत. स्वयंपाकघरात आंबूस वास येतो, कुठून ते कळत नाही. सासूबाई म्हणतात खिडकीतून येतो. त्या स्वतः दिवसभर गॅलरीत बसून असतात, आमच्या गॅलरीत ऊन येतं ते चहाच्या बशीएवढं आणि तितकाच वेळ. थंडीने मन खाली जातं असं म्हणतात. त्यांना डॉक्टरकडे न्यावं का?

योगराज म्हणाला, मास्तर तयार आहे. दुसऱ्या एका मुलाला त्याने नाही सांगितलं आणि चेतनसाठी जागा धरली. "आता माझा शब्द गेलाय," म्हणाला. या वेळी वाक्य पूर्ण केलं.

गुरुवार, ८ जानेवारी

सगळं नीट लिहायला हवं.

दुपारी सदर लिहीत बसले होते. रघुनाथरावांचा एक फोन येऊन गेला होता, दुसरा यायचा होता. चेतन आणि योगराज घरात नव्हते. सासूबाई दोन्ही हातांत मोठं ताट घेऊन आल्या. ताटात मुगवड्या, ओल्या, काहींवर पांढरी बुरशी धरलेली. त्या आंबूस वासाचा उलगडा तिथेच झाला.

"सरक," म्हणाल्या.

मी खुर्ची सरकवली. त्यांनी संगणकाच्या मागे हात घालून एक छोटं स्टूल ओढलं. ते स्टूल तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यावर ताट ठेवलं, जाळीतून वारा येतो त्याच्या बरोबर समोर. मग कल्हईचा पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, आणला आणि संगणकाच्या डोक्यावर ठेवला. त्यात विरजण लावलेलं दूध होतं.

"आते चालू राहू दे संध्याकाळ लगून."

मी म्हटलं, "आई, हे तुम्ही करता?"

"मंग कोन करी? गच्चीले कुलूप शे. ऊन कथाइन लयसू मी?"

खरंच, ऊन कुठून आणणार त्या? गच्चीला कुलूप पडलं तेव्हापासून हे चाललं होतं. एकदा झाडताना मागून गरम वारा लागला, हाताला बरा वाटला, आणि त्यांच्या डोक्यात आलं. मी बाहेर पडले की ताट यायचं, मी परतायच्या आत आत जायचं. मधल्या वेळात त्या चेतनला यंत्र चालू ठेवायला सांगायच्या. नव्या पंख्याने गार वारा यायला लागला तेव्हा चेतनने तो केसाळ वडा शोधून काढला. तो वडा यंत्राला राबवून तापवण्यासाठीच असतो म्हणे. लोक त्यावर मशीनची ताकद मोजतात, आमच्याकडे मुगवड्या वाळल्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सभामा काय बोलनी?"

मग त्या माझ्या समोर बसल्या. आवाज चढवला नाही. "त्याना आजा लूमवर बहिरा व्हयना. बायकोनं बोललेलं बी ऐकू ये नही त्याले. ह्या पोऱ्याले नको धाडू तठे, सुषमा. बिल मन्ह शे. मन्ही पाटली घे, पन त्याले नको धाडू."

मी म्हटलं, "पाटली ठेवा हातात." त्यात रघुनाथरावांचा फोन वाजला आणि मी म्हटलं, अर्ध्या तासात देते. ते म्हणाले, विषय काय? मी म्हटलं, अजून ठरत नाही. एवढ्या वर्षांत हे त्यांना पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

संध्याकाळी चेतनला पासवर्ड सांगितला. "तू का बोलला नाहीस? एवढी बोलणी खाल्लीस."

खांदे उडवले. "तू ओरडली असतीस, मग म्हणाली असतीस, आई, या वयात कशाला करता, पाकीट आणू. मग आजीने केल्याच नसत्या."

"आणि फोल्डिंगला गेला असतास?"

"मला वाटलं, त्याच्याआधी तुला कळेल. तू तर पत्रकार आहेस ने."

शनिवार, १० जानेवारी

योगराजला सांगितलं. आधी तो हसला, ताटावर हात आपटून हसला. मग थांबला.

"मास्तरला काय सांगू? वड्या वाळायच्या होत्या म्हणून?"

"सांगा, चेतनला दुसरं काम मिळतंय."

"मिळालंय का?"

"सोळाला कळेल."

"मग सोळाला तो दोन ठिकाणी असायला पाहिजे." चहा ढवळत बसला. "मी त्या माणसाकडे आजवर काही मागितलं नाही गं. एकदा मागितलं, तर असं."

त्याचं खरं आहे. मी चिडून दिलेल्या निकालाची फेड तो करणार. मला वाटलं होतं की खोळंबा एकट्या चेतनचा आहे.

बुधवार, १४ जानेवारी. उत्तरायण

आज नटुभाईंना गच्ची उघडणं भाग होतं. सुरतेत उत्तरायणाला गच्ची बंद ठेवणारा चेअरमन पुन्हा निवडून येत नाही. पॅनलभोवती दोर बांधले आणि सगळी सोसायटी वर. सासूबाईंनी सकाळीच ताजं वाटण केलं, साडी पसरली, कोपऱ्यात वड्या घातल्या आणि राखायला बसल्या. किती दिवसांनी पूर्ण उन्हात. मी वर गेले तेव्हा डोळे मिटून बसल्या होत्या.

दुपारपर्यंत त्या साडीवरून तीन वेळा पाय गेले, एक फिरकी गेली आणि कुणाचं तरी उंधियू सांडलं. सासूबाईंनी एकेकाला अहिराणीत असं काही सुनावलं की ते न कळणारेही पळाले. शेवटी ताट घेऊन खाली आल्या. "आपलं मशीनच बरं," म्हणाल्या.

मी नटुभाईंना गाठलं. म्हटलं, आठवड्यातून दोन सकाळी किल्ली द्या, बायका पॅनलला हात लावणार नाहीत. ते जिलेबी खात म्हणाले, "बेन, तमे ज लख्युं छे ने? सूर्याला पगारी नोकरी." आणि मोबाइल काढून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं. त्यातली एक म्हणाली, "वाचा वाचा, पुरं वाचा."

मी पुरं ऐकलं. सभेत विषय घेतो म्हणाले. सभा मार्चात.

गुरुवार, १५ जानेवारी. वासी उत्तरायण

सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या या सुट्टीमुळे सदराची मुदत उद्यावर गेली आहे, म्हणजे उद्या माझीही वेळ आणि चेतनचीही, आणि यंत्र एक. मी हाताने लिहिणार आणि फोटो काढून पाठवणार. रघुनाथराव कुरकुरले, "अक्षर लागेल ना?" म्हटलं, मी तुमचं लावते इतकी वर्षं. सदरात पहिल्यांदा चूक दुरुस्त करायची आहे: ऊन फुकट आहे असं लिहिलं होतं, ते तपासून घेतलेलं नव्हतं.

चेतन सकाळपासून बसला आहे. बाहेर पतंगांचा आरडाओरडा, स्पीकर, आणि हा पडद्याला नाक लावून एका मोराच्या मानेचा निळा बदलतोय. मी विचारलं, आधीचा निळा वाईट होता का? "नाही. पण साडीवर छापला की काळा दिसला असता." हे त्याला कुणी शिकवलं? योगराज मागे उभा होता. म्हणाला, "बरोबर आहे. आमच्याकडे तो निळा रोज काळा होतो." आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला. तासभर दोघं रंगांबद्दल बोलत होते. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण मी मधे बोलले नाही.

मास्तरला दोनदा फोन लावला, त्याने उचलला नाही. तोही गच्चीवर असेल. योगराज म्हणतो, फोनवर सांगण्यासारखं नाहीच ते. उद्या सातच्या बसने तो एकटा जाईल आणि समोर उभं राहून सांगेल. मास्तर चार माणसांत बोलेल, हे त्याने धरलं आहे. चेतन म्हणाला, "पप्पा, मी येतो बरोबर, मीच सांगतो." योगराज म्हणाला, "तू तुझं काम कर. दुपारी रिंग रोडला पोचायचंय."

नमुने पाहिल्यावर स्टुडिओवाले शनिवारी काय ते कळवणार आहेत. नाही म्हणाले तर पुढे काय, यावर आम्ही कुणीच बोललो नाही.

सासूबाईंनी मात्र मघाशी मोठ्या पातेल्यात मूगडाळ भिजत घातली. उद्यापुरती नाही, चांगली आठवडाभराची. मी म्हटलं, "आई, एवढी?" त्या पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "मशीन चालूच राही ना आते."